लायटर मम्मीच्या पिशवीत

नवी मुंबईतल्या दिघ्याच्या वस्तीत मी पहिल्यांदा गेले ती गोष्टीची पुस्तकं घेऊन. २०२२ चा मे महिना. ऐरोलीतल्या आमच्या सोसायटीत सहा जणींची भिशी आहे. त्या सहा जणींनी ठरवलं, की सुट्टीत तिकडच्या मुलांसाठी वाचनवर्ग चालवायचा. गणेशोत्सव मंडळाची पत्र्याची खोली मिळाली. दोन सतरंज्या, एक पंखा, वेळ सकाळी दहा ते बारा. पोरं भरपूर यायची. पहिला तास छान जायचा आणि अकरा वाजले की वर्ग विस्कटायला लागायचा. कुणी पुस्तकावरच डोकं टेकून आडवं व्हायचं, कुणी शेजारच्याशी भांडण उकरून काढायचं, कुणाचे डोळे सारखे दाराकडे. मी बत्तीस वर्षं बँकेत काढलेली बाई, शिकवण्याचा अनुभव नाही. मला वाटलं आपण गोष्टीच रटाळ निवडल्या. म्हणून मोठ्या चित्रांची पुस्तकं आणली, नाट्यछटा आणल्या. तरी अकराला तेच.

पाचव्या की सहाव्या दिवशी मी म्हटलं, "जा, घरी जाऊन जेवून या. मग पुढची गोष्ट वाचू."

कुणी उठेना. नुकतीच चौथीची परीक्षा दिलेली एक मुलगी रोज धाकट्या भावाला मांडीवर घेऊन बसायची. मी तिला जवळ बोलावून हळूच विचारलं, "घरी जेवायला नाही का गं काही?"

"आहे ना, काकू. तांदूळ आहे, डाळ पण आहे." मग अगदी सरळ, जशी काही मलाच ही गोष्ट माहीत नसल्याचं तिला नवल वाटावं तसं म्हणाली, "पण लायटर मम्मी घेऊन जाते."

तिची आई पाच घरची धुणीभांडी करते. सकाळी साडेसहाला निघते, दुपारी दोन-अडीचला परतते. निघताना गॅसचा रेग्युलेटर बंद करते, लायटर पिशवीत टाकते आणि काडेपेटी असेल तर तीही. कारण आदल्या वर्षी मागच्या गल्लीत एक नऊ वर्षांचा मुलगा बहिणीसाठी चहा करायला गेला आणि ओढणी पेटली. घरं पत्र्याची, मधल्या भिंती प्लायवूडच्या, एकाला एक चिकटलेली. मुलगा वाचला, पण हात कोपरापर्यंत भाजला. त्यानंतर त्या गल्लीतल्या बायकांनी एकमेकींशी न बोलताच एक नियम केला. लायटर घरात ठेवायचा नाही. मी पुढे दारोदार फिरून विचारलं, तेव्हा बारा घरांपैकी नऊ घरांत हेच उत्तर मिळालं. एकीनं तर पिशवी उघडून दाखवला. डब्याशेजारी, रुमालात गुंडाळलेला.

सकाळी चहा-बटर किंवा रात्रीची उरलेली चपाती. त्यानंतर दोन वाजेपर्यंत काही नाही. आया वीस रुपये ठेवून जातात. वीस रुपयांत एक वडापाव येतो, तो दोघांत. नाहीतर पाच-पाच रुपयांची कुरकुरीत पाकिटं चार, ती संपल्यावर नळाचं पाणी. दोनला आई येते तेव्हा तिच्या अंगात उभं राहायची ताकद नसते. ती आधी पाठ टेकते. जेवण होतं साडेतीन-चारला. मग रात्री उशिरा पुन्हा थोडं. म्हणजे ही पोरं उपाशी आहेत असं म्हणता येणार नाही. रात्री निजताना पोटात काहीतरी असतं. पण दिवसाचा सगळा मधला भाग, सकाळी आठ ते दुपारी चार, कोरडा जातो. तोच भाग, ज्यात एरवी शाळा असते.

शाळा असते तेव्हा मधल्या सुट्टीत खिचडी येते. वस्तीत 'शालेय पोषण आहार' कुणी म्हणत नाही, 'प्रधानमंत्री पोषण' तर नाहीच. खिचडी. त्या दिवशी उसळ-भात असला तरी खिचडीच. आणि मे महिना लागला की खिचडी बंद.

हे ऐकल्यावर मला आधी स्वतःचाच राग आला. कारण २०२१ च्या उन्हाळ्यात ही बाब माझ्या टेबलावर येऊन गेली होती आणि मला ती दिसली नव्हती. कोविडचं दुसरं वर्ष. शाळा बंद होत्या. सरकारनं ठरवलं, की त्या उन्हाळी सुट्टीतल्या ३५ दिवसांच्या आहाराचा शिजवण्याचा खर्च थेट मुलांच्या बँक खात्यात जमा करायचा. पहिली ते पाचवीला १५६ रुपये, सहावी ते आठवीला २३४. त्यासाठी मुलांच्या नावानं खाती उघडायची. आमच्या शाखेत तेव्हा बायकांची रांग लागली. आधार कार्ड, फोटो, शाळेचा दाखला, एकेका कागदासाठी दोन-दोन फेऱ्या. एक बाई म्हणाली, "मॅडम, आज कामावर खाडा झाला, चारशे गेले." मी काउंटरच्या आतल्या बाजूला मास्क लावून बसले होते. मला ती तक्रार बँकेच्या गर्दीबद्दल वाटली. दीडशे रुपयांसाठी चारशे घालवून ही बाई का उभी आहे, असा प्रश्न मला पडला नाही. आणि त्या दीडशे रुपयांनी दुपारी अकरा वाजता कुणाच्या ताटात काय पडणार, हा तर नाहीच नाही.

आता वाटतं, तो पैसा दहापट असता तरी त्या चौथीतल्या मुलीला अकरा वाजता भात मिळाला नसता. तांदूळ तिच्या घरात होताच. रेशनवर माणशी पाच किलो धान्य येतं, ते डब्यात होतं. नव्हता तो पेटलेला गॅस, आणि गॅसपाशी उभं राहणारं मोठं माणूस.

हे आपल्या देशाला एकदा उमगलेलं आहे. १५ ऑगस्ट १९९५ ला शाळेतल्या जेवणाची केंद्राची योजना सुरू झाली तेव्हा बहुतेक राज्यांत शिजवलेलं अन्न नव्हतंच. आपल्याकडेही ज्याची हजेरी पुरेशी त्याला महिन्याला तीन किलो तांदूळ मिळायचा. मुलं पिशवीतून घरी न्यायची. तो तांदूळ घरातल्या सगळ्यांच्या हंडीत जायचा, ते साहजिकच होतं. मग पीपल्स युनियन फॉर सिव्हिल लिबर्टीजच्या याचिकेवर सर्वोच्च न्यायालयानं २८ नोव्हेंबर २००१ ला आदेश दिला, की धान्य नको, शाळेत शिजवलेलं जेवण द्या. किमान ३०० उष्मांक, ८ ते १२ ग्रॅम प्रथिनं, वर्षात किमान २०० दिवस. त्या आदेशातला 'शिजवलेलं' हा शब्द मला फार मोलाचा वाटतो. धान्य आणि जेवण यांच्यामध्ये कुणाचे तरी दोन तास, इंधन, पाणी आणि लक्ष असतं, हे त्या एका शब्दानं मान्य केलं. ज्या घरातली बाई पहाटे बाहेर पडते, त्या घरात नेमकं तेच नसतं.

मात्र त्याच आदेशातला दुसरा आकडा २०० चा. उरलेल्या १६५ दिवसांचं काय, हे कुणी विचारलं नाही. पुढे २०१३ चा अन्न सुरक्षा कायदा आला. त्यानं सहा ते चौदा वयाच्या मुलांना दुपारच्या जेवणाचा हक्क दिला. आठवीपर्यंत, सरकारी, पालिकेच्या आणि अनुदानित शाळांत, रोज, मोफत. आणि तिथंच लिहिलं, शाळेच्या सुट्ट्या वगळून. मी ते कलम छापून घेतलं आहे. पाचवं कलम. सुट्टीत मूल कुठं असतं, याबद्दल कायदा लिहिणाऱ्यांच्या मनात काय चित्र होतं? बहुधा आपल्या सगळ्यांच्याच मनात असतं ते. आजोळ, अंगण, आंब्याची आढी, ताटाभोवती घुटमळणारी आजी. माझंही बालपण तसंच गेलं म्हणून मला ते चित्र खोटं वाटत नाही. पण दिघ्याच्या गल्लीत मेच्या पहिल्या आठवड्यात गावाला गेलेली घरं मी मोजली, निम्मी भरली नाहीत. घरकाम करणारी बाई महिनाभर गावी गेली तर परत आल्यावर चार घरं तरी सुटलेली असतात. म्हणून ती आठ दिवस जाते, एखादं लग्न उरकते आणि येते. काहींचं गावात काही उरलेलंच नाही.

माझ्या आईचं माहेर माण तालुक्यातलं. १९७२ च्या दुष्काळात ती मला घेऊन तिकडं होती, मी सात वर्षांची. मोठी माणसं कामावर खडी फोडायची आणि आम्हा पोरांना सुकडी मिळायची. गोडसर, तेलकट, तळहातावर घेतली की बोटांच्या फटीतून सांडणारी. सगळी पोरं एका रांगेत, कुणाचा बाप पाटील आणि कुणाचा मजूर हे त्या रांगेत कळायचं नाही. शाळा चालू की बंद हा प्रश्नच तिथं नव्हता. मोठी माणसं कामावर आहेत, तर पोरांच्या तोंडात काहीतरी गेलं पाहिजे, एवढाच हिशेब. दुष्काळाचा तो धडा न्यायालयाच्या आदेशांतही दिसतो. २० एप्रिल २००४ ला सर्वोच्च न्यायालयानं सांगितलं, दुष्काळी भागात उन्हाळी सुट्टीतही शाळेतलं जेवण चालू ठेवा. २०१६ च्या मे महिन्यात, स्वराज अभियानच्या याचिकेवर, पुन्हा तेच. म्हणजे मे महिन्यात शाळेची चूल पेटू शकते. अडचण कुठं आहे तर दुष्काळ जाहीर व्हावा लागतो, आणि तो तालुक्याला जाहीर होतो. ठाणे-बेलापूर रस्त्यालगतच्या वस्तीला कोण जाहीर करणार? इथं नळाला पाणी येतं, १० मिनिटांवर रेल्वे स्टेशन आहे, वाशीच्या फळबाजारात त्याच महिन्यात हापूसच्या पेट्यांचे डोंगर असतात. दुष्काळ ठरवताना पिकाची पैसेवारी, म्हणजे पीक किती आलं त्याचा अंदाज, काढतात; तो काढायला इथं शेत नाही.

वाचनवर्गाच्या सातव्या दिवशी आम्ही पुस्तकं बाजूला ठेवली आणि खिचडी केली. खरं तर केली आमच्या स्वयंपाकघरांत आणि रिक्षानं नेली. दोन दिवसांत कळलं, की असं चालणार नाही. नीट करायचं तर तिथंच शिजवायला हवं.

मापं मी सरकारी निकषातलीच धरली. कुणाच्या डोक्यातून काढण्यापेक्षा ते बरं वाटलं. लहान मुलाला १०० ग्रॅम धान्य, २० ग्रॅम डाळ, ५० ग्रॅम भाजी, ५ ग्रॅम तेल. सहावी ते आठवीच्या मुलाला त्याच्या दीडपट. आमच्याकडं ३० लहान आणि १५ मोठी. म्हणजे सव्वापाच किलो तांदूळ, एक किलो डाळ, अडीच किलोच्या वर भाजी, पाव किलो तेल. कागदावर ४५० आणि ७०० उष्मांक. पातेलं पहिल्या दिवशी वीस मिनिटांत खरवडून निघालं. एका मुलानं तीनदा घेतलं आणि तिसऱ्यांदा घेताना माझ्याकडं बघितलं नाही. मला वाटलं मापं चुकली, दुसऱ्या आठवड्यापासून तांदूळ सात किलो करावा. आमच्यातली एक जण म्हणाली थांब, बघू. तिचं बरोबर निघालं. आठ-दहा दिवसांनी तेवढ्याच मापात थोडा भात उरायला लागला. उद्याही मिळणार आहे हे पोटाला पटायला तेवढे दिवस लागले.

वेळही चुकलीच होती. आम्ही जेवण ठेवलं होतं एक वाजता, आपल्या घरच्या सवयीनं. मुलं साडेदहापासून खोलीबाहेर ताटं घेऊन उभी. उन्हात पत्र्याच्या सावलीची जेमतेम हातभर पट्टी, तिच्यात सगळी एकाला एक लागून. तिसऱ्या दिवशी वेळ साडेअकरा केली. त्यासाठी नऊला चूल पेटवावी लागते, आणि नऊला सगळ्या जणींना आपापल्या घरचंही उरकायचं असतं. मग मिळाल्या त्या मावशी.

मावशी त्याच गल्लीत राहतात. शाळेला खिचडी पुरवणाऱ्या बचत गटात त्या शिजवायला जातात. मे महिन्यात शाळा बंद, गटाचं काम बंद, मावशींची कमाई बंद. पोषण आहाराच्या स्वयंपाकी-मदतनीसांचं मानधन केंद्राच्या निकषात वर्षातले १० महिनेच धरलेलं असतं, ही गोष्ट मी नंतर वाचली. तेव्हा फक्त एवढं दिसलं, की मोठ्या पातेल्यात डाळ कधी टाकायची हे हातानं ओळखणारी बाई घरात बसून आहे आणि तिच्या दारावरून भुकेली पोरं ये-जा करत आहेत. मी त्यांना विचारायला गेले तेव्हा त्या म्हणाल्या, "पैशाचं नंतर बोलू ताई. आधी सांगा, पातेलं केवढंय?" पातेलं लहान होतं. दुसऱ्या दिवशी त्या मंडळाच्या भंडाऱ्याचं मोठं टोप घेऊन आल्या. पैसे मात्र आम्ही पहिल्या आठवड्यापासून दिले. कुणाला तरी पुण्य मिळावं म्हणून मावशींनी फुकट राबावं, हे मला मान्य नाही.

एक दिवस वाईट गेला. मावशींच्या घरी काहीतरी निघालं म्हणून वरण पहाटे सहाला करून झाकून ठेवलं होतं. साडेअकराला झाकण काढलं तर वर बारीक फेस. मी चव घेतली. आंबूस. वाढण्यापूर्वी मोठ्या माणसानं चव घ्यायचीच, हा शाळांतल्या जेवणाचाही नियम आहे. जुलै २०१३ मध्ये बिहारच्या सारण जिल्ह्यात शाळेतल्या जेवणातून विषबाधा होऊन २३ मुलं दगावली, ती बातमी मी कधीच विसरले नाही. सगळं वरण ओतून दिलं. ४५ मुलं ताटं घेऊन बसलेली आणि आम्ही त्यांच्यासमोर टोप घेऊन गटाराकडे निघालो. एक लहानगा रडायला लागला. आमच्यातल्या दोघी रिक्षानं जाऊन केळी आणि पाव घेऊन आल्या, भात ताकाबरोबर वाढला. त्या दिवसापासून नऊच्या आधी काहीही शिजवायचं नाही आणि शिजल्यावर तासाभरात ताटात, हे ठरलं. मे महिन्यात पत्र्याखाली अन्न फार वेळ थांबत नाही.

खर्चाचं सांगते, कारण लोक तेच आधी विचारतात. आठवड्यातून दोनदा अंडं, एकदा केळं, गॅस आणि मावशींचे पैसे धरून ताटाला २४ रुपयांच्या आसपास पडतात. दिवसाचे अकराशे. शाळेतल्या जेवणासाठी धान्य सोडून साहित्याचा जो खर्च धरला आहे, तो मे २०२५ पासून लहान मुलाला ६.७८ आणि मोठ्याला १०.१७ रुपये आहे. आम्हाला घाऊक भाव मिळत नाही आणि धान्यही विकत घ्यावं लागतं, त्यामुळे तुलना नीट होणार नाही. पण अंड्याबद्दल मला बोलायचंच आहे. राज्यानं नोव्हेंबर २०२३ मध्ये आठवड्यातून एक अंडं, आणि न खाणाऱ्याला केळं, द्यायचं ठरवलं. जानेवारी २०२५ मध्ये त्यासाठीचा वेगळा पैसा थांबवला. ज्या मुलानं उकडलेलं अंडं सोलताना पांढऱ्याचा कणसुद्धा टरफलाबरोबर जाऊ नये म्हणून जीभ बाहेर काढून पाच मिनिटं घालवलेली मी बघितली आहेत, त्याच्या बाजूनं मला तो निर्णय चुकीचा वाटतो.

मदत करणारे पुष्कळ भेटले. सोसायटीतल्या एका काकांनी सबंध महिन्याचा तांदूळ दिला, नाव सांगू नका म्हणाले. फळबाजारात गाळा असलेल्या एका शेजाऱ्यानं जास्त पिकलेल्या हापूसच्या दोन पेट्या पाठवल्या. त्या दिवशी आम्ही रस काढणार होतो, पण मुलांनी काढू दिला नाही. आख्खा आंबा हवा होता. प्रत्येकाला अर्धा-पाऊण मिळाला. चौथीतली ती मुलगी कोय अर्धा तास चोखत होती. मग धुऊन, दगडावर घासून तिची पिपाणी केली आणि भावाला दिली. दुपारभर गल्लीत ती पिपाणी वाजत होती.

पण वाढदिवसाची बिर्याणी घेऊन येणाऱ्यांशी माझं जमलं नाही. शंभर डबे येतात, फोटो निघतात, बॅनर लागतो. मुलं खुश होतात, मीही नको म्हणत नाही, खाऊ दे. पण दुसऱ्या दिवशी अकरा वाजता तोच माणूस नसतो. आम्ही एकाला म्हटलं, बिर्याणीच्या पैशात तुम्ही तीन आठवड्यांचं वरण देऊ शकता. त्याला ते पसंत पडलं नाही. वरणाचा फोटो चांगला येत नाही.

मांडीवर बसणारा तो धाकटा भाऊ तेव्हा साडेतीन वर्षांचा. त्याचं नाव अंगणवाडीत होतं. अंगणवाडीत आहाराचे वर्षातले ३०० दिवस धरलेले असतात, मे महिना त्यात येतो. त्यामुळे घरात एक चमत्कारिक गोष्ट घडते. सहा वर्षांच्या आतल्याला दुपारी गरम काहीतरी मिळतं, आणि त्याला सोडायला जाणारी नऊ वर्षांची बहीण दारात उभी राहते. तिथल्या सेविकाताई भांड्याच्या तळाचं तिच्या हातावर ठेवतात, ते त्यांच्या वहीत कुठं बसत नसावं. ताईंना मी हे विचारलं नाही. विचारलं असतं तर कदाचित त्यांना थांबवावं लागलं असतं.

शिवभोजन थाळीचं केंद्र का नाही, असंही विचारतात. २६ जानेवारी २०२० ला सुरू झालेली, दहा रुपयांत दोन चपात्या, भाजी, वरण, भात. मोठ्या माणसासाठी चांगलीच सोय आहे. पण आठ वर्षांच्या मुलीनं धाकट्याला कडेवर घेऊन, ट्रक-कंटेनर धावणारा रस्ता ओलांडून, अनोळखी पुरुषांच्या रांगेत उभं राहायचं, हे कुठली आई करू देईल? मुलाचं जेवण मुलाच्या पायाच्या अंतरावर असावं लागतं आणि वाढणारं माणूस ओळखीचं असावं लागतं. शाळेत हे दोन्ही असतं. म्हणून मला राहून राहून वाटतं, की हे काम शाळेच्याच इमारतीत व्हायला हवं. खोल्या आहेत, नळ आहे, ताटं धुवायची जागा आहे, शिजवणारी बाई गल्लीत आहे, मुलांची नावं हजेरीपटावर आहेत. आम्ही दोन वर्षं एका शाळेत मैदानाच्या कडेची फक्त एक पडवी मागितली. उत्तर आलं, की सुट्टीत इमारत उघडायला परवानगी नाही. कुलूप लावणाऱ्या माणसाला दोष नाही. त्याच्या हातात तेवढंच आहे. पण हे ठरवणारं माणूस कुठंतरी आहे, आणि त्याला माझं सांगणं आहे: गुरुजी-बाईंची सुट्टी काढून घेऊ नका, त्यांना ती हवीच. फक्त बचत गटाचं दहा महिन्यांचं काम साडेअकरा महिन्यांचं करा आणि पडवीची किल्ली मावशींकडे द्या. सगळ्या शाळांत नको. ज्या वस्तीतल्या आया साडेसहाला घराबाहेर पडतात, तिथं. कुठल्या वस्त्या, ते पालिकेच्या कुठल्याही शाळेतल्या बाई एका दमात सांगतील. माझी एक मैत्रीण अशाच एका शाळेत आहे. ती म्हणते, जूनच्या पहिल्या आठवड्यात खिचडीला दुसऱ्यांदा हात पुढं करणारी मुलं कोण, ते बघितलं की सुट्टी कुणाची कशी गेली ते कळतं.

तोपर्यंत आमचं चालू आहे. वाचनवर्गही चालतो, आता जेवणानंतर. पोट भरलेली मुलं गोष्ट ऐकताना मध्ये मध्ये प्रश्न विचारतात, हे मला पहिल्या वर्षी माहीतच नव्हतं.

यंदाच्या जूनमधली गोष्ट. शाळा उघडायला तीन-चार दिवस राहिले होते. रात्री पहिला पाऊस झाला होता, खोलीत पत्र्यावरून गळलेलं पाणी. मावशींनी मसूर निवडून ठेवली, तांदूळ धुतला, आणि शेगडी काही पेटेना. काडेपेटी रात्रभर ओलीला पडलेली, गुल नुसतंच घासलं जायचं. शेजारच्या तीन घरांत मागायला मुलं धावली आणि रिकामी परत आली. ते तर ठरलेलंच होतं. एवढ्यात त्या मुलीची आई दारात दिसली. ती मुलगी आता मोठ्यांच्या मापाचं जेवते, पुढच्या वर्गातल्या मुलांना ओळीत बसवते. आईला एका घरी सुट्टी होती म्हणून ती मधल्या वेळात पोरांना बघायला आली होती. साडेबाराला पुढच्या कामावर जायचं होतं.

"काय झालं ताई?"

मी काडेपेटी दाखवली.

तिनं खांद्यावरची पिशवी खाली घेतली, डबा बाजूला केला, रुमाल सोडला. लायटर मावशींच्या हातात न देता ती स्वतःच शेगडीपाशी खाली बसली, पदर खोचला आणि कळ फिरवली. दुसऱ्या खटक्याला जाळ धरला. मावशींनी टोप ठेवलं. मग ती तिथंच बसून कांदे चिरायला लागली, कारण सव्वादहा वाजून गेले होते आणि बाहेर ताटं वाजायला लागली होती.